उलटा बसलेला वायसर

बाबांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं त्या वर्षी मी आठवीत होते. 'गेलं' हा शब्द आमच्या घरचा. कापली, तुटली असं कोणी म्हणत नसे. बोटं गेली म्हणायचं, जणू ती बदली होऊन कटनीला गेली असावीत. गेली ती मोहल्ल्यातल्या पिठाच्या चक्कीवर. रविवारी बाबा ज्वारी दळायला घेऊन गेले, चालू पट्टा चाकावरून घसरताना त्यांना दिसला, आणि हात पुढे गेला. चक्कीवाला ओरडला होता, "मिस्त्रीजी, रुकिए!" पण आयुष्यभर यंत्रावर काम केलेल्या माणसाला घसरता पट्टा नुसता बघवत नाही. शहाणा माणूस आधी बटण बंद करतो आणि मिस्त्री आधी हात घालतो, असं आई नंतर म्हणायची.

आम्ही रेल्वे यार्डाला लागून असलेल्या कांचघर मोहल्ल्यात राहत होतो. दोन खोल्या, मागे एवढंसं अंगण, अंगणात पेरूचं झाड आणि त्याला टेकलेली बाबांची सायकल. बाबा रेल्वेत ब्रेक फिटर होते. तेव्हाच्या गाड्यांचे ब्रेक पोकळीवर चालत. इंजीन साऱ्या गाडीच्या पाइपातली हवा ओढून घेई, पाइप रिकामा झाला की ब्रेक सुटत आणि गाडी चाले. ड्रायव्हरने पाइपात हवा सोडली की ब्रेक लागत. कुठे फट पडली, पाइप निसटला, तरी हवा आपोआप आत शिरून गाडी थांबे. ही फट शोधणं हे बाबांचं काम. मला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं, ते जेवताना कानावर पडत गेलं. यार्डातून गाडी सुटायची, आम्ही पानावर बसलेलो असायचो, आणि बाबा भाजीचा घास हातात धरून म्हणायचे, "मागच्या डब्यातून हवा घेऊन राहिली ही. निघणार नाही." आणि खरंच, जरा वेळाने गाडी धक्का खाऊन उभी राहायची. आई म्हणायची, "घरी आल्यावर तरी कान काढून ठेवत जा." मला मात्र वाटायचं की माझा बाप भिंतीपलीकडची हवा ऐकू शकतो, आणि वर्गातल्या एकाही मुलीचा बाप हे करू शकत नाही.

हात बरा झाल्यावर बाबांना हलकं काम मिळालं. हत्यारांच्या खिडकीत बसायचं, पत्र्याचं टोकन घ्यायचं, पाना किंवा हातोडी द्यायची, टोकन खिळ्याला अडकवायचं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डब्याखाली आडवे होऊन काम केलं, ते आता खिडकीसमोर उभे राहून पाना मागत. बाबा डाव्या हाताने पाना देत. उजवा हात टॉवेलखाली असे. घरीसुद्धा तो टॉवेल खांद्यावरून उतरेना. जेवण डाव्या हाताने, तेही चमच्याने. दाढी डाव्या हाताने, म्हणून गालावर रोज एखादी चीर. सही डाव्या हाताने, ती कोंबडीने पाय ओढावे तशी. त्या हातात अंगठा होता, त्याच्या शेजारचं बोट होतं, मधलं होतं, तिन्ही धडधाकट. पण बाबांनी जणू अख्ख्या हातालाच सुट्टी देऊन टाकली होती. घरातलं बोलणंही त्याच्याबरोबर गेलं. गाड्या सुटत राहिल्या, पण त्यांच्याबद्दल पानावर कोणी काही म्हणेना.

महालक्ष्म्या बसायच्या दहा-बारा दिवस आधी चौबेजी आले. चौबेजी म्हणजे बाबांच्या टोळीचे मुकादम, उंचपुरे, पानाने ओठ लाल, आवाज असा की अंगणातून बोलले तरी चुलीपर्यंत यावा. त्यांनी एक छापील कागद आणला होता. ब्रेक तपासणाऱ्या टोळीत एक जागा होती. पाने कसायचे नाहीत, डब्याखाली जायचं नाही. गाडी तयार झाली की बाजूने चालत जायचं, पोकळी मोजणाऱ्या घड्याळाची सुई बघायची, कुठे हवा घेते ते शोधायचं आणि वहीत लिहायचं. "मिस्तरी, ये काम तुम्हारे लिए ही बना है," चौबेजी म्हणाले. "दस्तखत करके दे दो. महालक्ष्मी के विसर्जन के दूसरे दिन मुझे आगे भेजना है. नहीं तो दूसरा नाम जाएगा." बाबांनी कागद डाव्या हाताने घेतला, "देखते हैं" म्हणाले, आणि चौबेजींची पाठ वळताच तो आरशामागे खोचून ठेवला. आरशाच्या वर त्याचं पांढरं टोक दिसत राहिलं.

आई मला अंगणात नेऊन म्हणाली, "कुंदे, त्यांच्यासमोर त्या कागदाचं नाव काढू नको. मी बोलली तर चिडतात, तू बोलली तर रडतील." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "पण नाही सही केली तर हा माणूस त्या खिडकीतच म्हातारा होईल." आईला मी घाबरलेली पहिल्यांदाच बघत होते. ती सिविल लाइन्समधल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात इंजेक्शनं द्यायची. मोठमोठे पुरुष तिच्या हातातली सुई पाहून देवाचं नाव घेत, आणि ती मात्र कशाला भीत नसे. त्या दिवसापासून आरशात बघून वेणी घालताना माझी नजर त्या पांढऱ्या टोकावर जायची.

आमच्याकडच्या महालक्ष्म्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवस माहेरी येतात. पितळी मुखवटे, खाली पत्र्याच्या कोठ्या, कोठ्यांना नेसवलेल्या नऊवारी. डोक्यावर टांगलेला फुलोरा, म्हणजे करंज्या, पापड्या, तळलेली वेणी-फणी. दुसऱ्या दिवशी जेवण: सोळा भाज्यांची एक भाजी, ज्वारीची आंबील, कथली, पुरणपोळी, वडे. आणि समोर आरास. आमच्या घरची आरास हलती असे, आणि ती कांचघरात प्रसिद्ध होती. बाबा दरवर्षी काहीतरी करायचे. एकदा पाणी शेंदणारी बाई केली, एकदा धान्य पाखडणारी. त्यासाठी घरात एक पेटी होती. बदली होऊन निघालेल्या कोणा साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं, त्यातून बाबांनी ती आणली होती. भोकं पाडलेल्या लाल-हिरव्या पत्र्याच्या पट्ट्या, पितळी चाकं, नट, बोल्ट, आणि झाकणावर टाय लावलेला गोरा मुलगा पूल बांधतोय असं चित्र. निम्मे भाग हरवलेले होते. ते बाबांनी कानस घासून स्वतः केले. पेटी माझी होती, असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात आम्ही दोघं तिच्यासाठी भांडायचो.

त्या वर्षी बाबा म्हणाले, "यंदा आरास नको. समई लावा, फुलं ठेवा, पुष्कळ झालं."

मी हट्टी होते. अजून आहे, घरात विचारा. मी ठरवलं की आरास मी करणार, आणि रेल्वेचं फाटक करणार. दोन दांडे एकदम वर उठतील, शेजारचा सिग्नल पडेल (खऱ्या फाटकावर सिग्नल पडतो तेव्हा दांडे खाली असतात, पण मला सगळं एकदम हलायला हवं होतं), आणि हे सगळं हवेवर चालेल. दोरा नाही, तार नाही. हवेवरच का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बाबांचं काम हवेचं होतं आणि त्यांना उठवायचं तर हवेनेच उठवावं, असं काहीतरी डोक्यात असावं. आईच्या दवाखान्यात तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या, उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. टोक टवकलेल्या तीन मोठ्या सिरिंजा डॉक्टरांनी बाजूला काढल्या होत्या, त्या आईने मला आणून दिल्या, वर सलाइनची धुतलेली नळीही दिली. हा काचेचा दट्ट्या काचेच्या नळीत जसा सरकायचा तसं सरकणं मी नंतर कशातच पाहिलं नाही. नळी तिरपी केली की तो आपल्या वजनानेच, आवाज न करता, खाली यायचा. मी तासन् तास नुसती नळी तिरपी करून बघत बसायची.

पट्ट्यांचं फाटक उभं केलं. दांड्याच्या आखूड टोकाला दट्ट्या बांधला, सिरिंजेच्या तोंडाला सलाइनच्या नळीने सायकलचा पंप जोडला आणि हाणला. दट्ट्या उडून छताकडे गेला आणि दांडा उलटा फिरून पेरूच्या टोपलीत पडला. दट्ट्या फुटला नाही ही महालक्ष्मीचीच कृपा. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते वळले नाहीत, पण त्यांचे खांदे हलल्यासारखे मला वाटले. मी दोन दिवस झगडले. हळू हाणावं तर दांडा हलेना, जोरात हाणावं तर सगळं उडे. शेवटी पंपच खराब आहे असं ठरवून मी तो उघडला. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. तो सुकून कडक झाला होता. त्याला खोबरेल तेल चोळलं, मऊ केला, परत बसवला, पंप बंद केला. आणि हाणला तर हवाच येईना! नळीच्या तोंडाशी तळवा धरला. काही नाही. वैतागून पंपाचा दांडा मागे ओढला, आणि माझा तळवा नळीला चिकटला.

मी किंचाळले. सापाने धरलं असं वाटलं मला. हात झटकला तशी 'चप्' आवाज करून नळी सुटली आणि तळव्यावर लाल गोल उमटला.

"काय झालं?" बाबा उठून बसले होते.

"पंपाने ओढलं मला."

बाबांनी पंपाकडे पाहिलं, माझ्या तळव्यावरच्या गोलाकडे पाहिलं. मग कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. "काहून गं," ते म्हणाले, "वायसर उलटा बसवला का तू?"

बसवला होता. वाटीचं तोंड खाली असायला हवं ते मी वर केलं होतं. चुकीने, धांदरटपणाने. पण त्यामुळे हवा भरणारा पंप हवा काढणारा झाला होता. मी तो पुन्हा उघडायला गेले तर बाबा म्हणाले, "राहू दे." खाटेवरून उतरून माझ्यासमोर जमिनीवर बसले. "अंगठा लाव नळीला. घट्ट." मी लावला. त्यांनी पंप पायात धरून डाव्या हाताने दांडा ओढला. अंगठ्याचं मांस नळीत फुगून आत गेलं. दुखत नव्हतं, पण सुटतही नव्हतं.

"कोण ओढून राहिलं?"

"पंप."

"नाही. पंपाने नुसती जागा केली. पंपाला ओढता येत नाही, कोणालाच हवेला ओढता येत नाही. हवेला शेपटी आहे का धरायला?"

"मग?"

"ढकलून राहिलं कोणीतरी. बाहेरून. आत जागा झाली म्हणून बाहेरचं आत यायला बघते, आणि मधात तुझा अंगठा आहे."

"बाहेरचं कोण?"

बाबांनी टॉवेलखालून उजवा हात काढला आणि दारातून दिसणाऱ्या आभाळाकडे केला. तीन बोटांचा तो हात मी उजेडात पहिल्यांदा पाहत होते. "एवढं सगळं," ते म्हणाले. "पेरूच्या वर, मदन महालाच्या टेकडीच्या वर, ढगांच्या वर जेवढी हवा आहे, तेवढी सगळी उभी आहे आपल्यावर. चोवीस तास. आपल्याला कळत नाही कारण आतूनही ती तेवढीच आहे. एवढीशी जागा रिकामी केली ना बेटा, की मग समजते किती वजन आहे ते. गाडी आम्ही नाही थांबवत. हे थांबवते."

मी आभाळाकडे पाहिलं. ढगाळ दुपार होती, दूर शंटिंग चालू होतं, एक घार फिरत होती. आणि मला, खरं सांगते, धडकी भरली. भीतीची नाही, देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा भरते तशी. रोजचं आभाळ, ज्याच्याखाली मी शाळेत जात होते, कपडे वाळत घालत होते, ते माझ्या अंगठ्यावर दाबून उभं होतं. पुढे पंचवीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. वातावरणाचा दाब हा धडा दरवर्षी आला, आकडे फळ्यावर लिहिले, मुलींनी ते पाठ केले. पण त्या दुपारी मला जे कळलं ते आकड्यात कधीच मावलं नाही. अजूनही कधी अंगणात उभी असताना एकदम आठवतं आणि मी वर बघते.

त्यानंतर बाबा खाटेवर गेले नाहीत. उलटा पंप हवा ओढतो पण धरून ठेवत नाही, दांडा सोडला की परत जाते. म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या वॉल्ववरचं रबर नळीत असं बसवलं की हवा एकाच दिशेने जाईल. तिन्ही सिरिंजा एकाच पाइपावर घेतल्या. "गाडीसारखं," म्हणाले. पंप ओढला की तिन्ही दट्टे एकदम बसत, दोन्ही दांडे वर, सिग्नल खाली. बाजूला एक छोटी नळी कपड्यांच्या चिमट्यात धरलेली. चिमटा सोडला की हवा आत, दांडे सावकाश खाली. धक्का नाही, उडणं नाही. बाबा डाव्या हाताने काम करत होते आणि वैतागत होते. काचेचा दट्ट्या डाव्या हातातून दोनदा निसटला, मी दोनदा झेलला. तिसऱ्यांदा त्यांनी विचार न करता उजव्या हाताने सिरिंज उचलली. दोन बोटं नळीच्या कडेखाली गेली, अंगठा दट्ट्यावर बसला. हात आपोआप बसला, जागेवर.

आई दारात उभी राहून बघत होती. दवाखान्यातून नुकतीच आली होती, हातात पिशवी तशीच.

"अहो," ती म्हणाली, "मी दिवसभर एवढीच बोटं वापरते."

बाबांनी हाताकडे पाहिलं. सिरिंज हळूच खाली ठेवली आणि हात परत टॉवेलखाली घातला. "काम झालं," म्हणाले, "चहा टाक." कागद आरशामागेच होता. मला वाटलं होतं की आता काढतील. नाही काढला.

महालक्ष्म्या आल्या. जेवणाच्या दिवशी पहाटेपासून आई पुरणात. आमच्याकडे त्या दिवशी सोवळं कडक. ओल्या साडीने स्वयंपाक, कोणी कशाला शिवायचं नाही. आणि पुरण वाटता वाटता आईच्या लक्षात आलं की देवीपुढे ज्या सिरिंजा मांडल्या आहेत त्या कोणाकोणाच्या दंडाला लागलेल्या आहेत. "बापा रे! कुंदे, काढ त्या! आताच्या आता काढ!" मी म्हटलं, अगं धुतल्यात. "धुतल्या म्हणजे झालं का? उकळल्या पाहिजेत!" म्हणजे सोवळं आणि दवाखाना एकत्र आले. तिने चुलीवर पातेलं चढवलं आणि एकीकडे आंबील, एकीकडे सिरिंजा रटरटायला लागल्या. तिन्ही नळ्या, तिन्ही दट्टे सुटे करून. वीस मिनिटांनी चिमट्याने काढून माझ्या ओंजळीतल्या स्वच्छ फडक्यात टाकल्या आणि म्हणाली, "जा, लाव." बायका यायला लागल्या होत्या. मी धावत जाऊन लावल्या.

पंक्ती उठल्या, संध्याकाळ झाली, हळदीकुंकवाला बायका दाटल्या, मागे पुरुष. चौबेजीही आले, धोतर नेसून, चौबाइनला घेऊन. दुसऱ्या दिवशी विसर्जन, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कागद जायचा होता. चौबेजींनी आत येताच आरशाकडे पाहिलं आणि नजर फिरवली. आरती झाली. कोणीतरी म्हणालं, "अरे, इस बार क्या बनाया मिस्तरी ने?" मी छाती फुगवून म्हटलं, "मी बनवलं," आणि महालक्ष्म्यांच्या मागे, साडीच्या पडद्याआड ठेवलेल्या पंपाशी जाऊन दांडा ओढला.

काही नाही. परत ओढला. फाटकाचा डावा दांडा बोटभर उचलला आणि पडला. परत. परत. बाहेर एक मूल हसलं. "होईल होईल," कोणी म्हणालं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हाताला घाम, पंप निसटतोय, आणि माझ्या डोक्यात एकच, की हे नाही चाललं तर तो कागदही नाही.

पडद्याआड बाबा आले. खाली बसले, डोळे मिटले. "ओढ," म्हणाले. मी ओढला. त्या गर्दीत, त्या भांड्यांच्या आणि बांगड्यांच्या आवाजात त्यांनी मान जराशी डावीकडे केली. "घेऊन राहिलं कुठेतरी. पुन्हा." मग पडद्यातून हात काढून देवीपुढची एक उदबत्ती उचलली आणि सरळ पडद्याबाहेर, सगळ्यांसमोर गेले. मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं. त्यांनी उदबत्ती पहिल्या सिरिंजेजवळ धरली, मी ओढलं, धूर सरळ वर गेला. दुसरीजवळ धरली. मी ओढलं, आणि धुराची ती उभी रेघ वाकली. वाकून नळी आणि दट्ट्याच्या मधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीत शिरली. सगळ्यांनी पाहिलं ते. धूर खाली जात होता, कोणी न ओढता.

"एका डब्यात फट," बाबा मोठ्याने म्हणाले, "की सगळी गाडी उभी. कुंदे, नंबर पाहिले होते का?"

काचेच्या सिरिंजेवर नळीला आणि दट्ट्याला एकच नंबर कोरलेला असतो. ती जोडी एकमेकांसाठी घासलेली असते, दुसऱ्या घरात नांदत नाही. आईला हे पक्कं ठाऊक होतं, दवाखान्यात ती कधी चुकली नसती. पण पुरणाच्या दिवशी, सोवळ्यात, फडक्यात सगळं एकत्र टाकून दिलं तिने, आणि मी हाताला लागेल तसं लावलं. आई पदराआड तोंड झाकून "अगं बाई!" म्हणाली.

बाबा खाली बसले. दुसरी आणि तिसरी सिरिंज पट्ट्यांतून सोडवली. बारीक नट होते, बोटांच्या टोकांनी फिरवायचे. त्यांनी उजवा हात वापरला. टॉवेल केव्हा गळून पडला ते त्यांनाही कळलं नसावं. दोन बोटं कडेखाली, अंगठा वर. एक दट्ट्या काढला, दुसरा काढला, उजेडात धरून नंबर पाहिला, अदलाबदल केली. चाळीस माणसांसमोर तो हात उघडा होता, समईच्या उजेडात, आणि त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे त्याच्या कामाकडे बघत होते.

"चल, ओढ आता."

मी ओढला. दोन्ही दांडे एकदम उठले. सावकाश, न थरथरता, वर, फुलोऱ्याच्या करंजीला टेकेपर्यंत. सिग्नलची पाटी खाली आली. खोलीतून एक श्वास निघाला, माझ्या आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यात मोठा. आणि नेमकी त्याच वेळी यार्डातून एक गाडी सुटली, शिट्टी देऊन. तो योगायोग होता. पण त्या खोलीतल्या बायकांना मी ते अजूनपर्यंत पटवू शकलेली नाही.

चौबेजी पुढे आले. त्यांचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे तो लहान झाला होता. "भाई," ते म्हणाले, "पाना तो कोई भी कस देगा. पर ये कान और ये धुआँ..."

बाबा फाटकाकडे बघत होते. नळीचा चिमटा त्यांच्या अंगठ्या-बोटात होता. "कुंदे," ते वळून न बघता म्हणाले, "आरशामागचा कागद आण. आणि पेन." मी आणला. त्यांनी कागद महालक्ष्मीच्या पाटावर ठेवला आणि सही केली. थोडा वेळ लागला, पण ती सही मी ओळखली. माझ्या प्रगतिपुस्तकांवर होती तीच, शेवटी लांब रेघ ओढलेली. आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि कितीतरी वेळ भांडी घासत राहिली, घासलेलीच.

बाबा निवृत्त होईपर्यंत गाड्यांच्या बाजूने चालत राहिले. ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. फाटकाचा सांगाडा पेटीत आहे, सिरिंजा फुटल्या. या उन्हाळ्यात माझी नात रेवा आली होती, नऊ वर्षांची, मराठी समजते पण बोलताना हिंदीत घसरते. तिच्याकडे जोडणीच्या खेळण्याचा एक नवा संच आहे. त्यात प्लॅस्टिकचे पारदर्शक दट्टे, निळी नळी, बोटभर पंप. तिने त्याने एक हात केला होता, खडू उचलणारा, टोकाला रबराची वाटी. वाटी खडूच्या डब्यावर टेकवली, पंप ओढला, डबा उचलला गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग माझ्याकडे बघून तिने तोच प्रश्न विचारला, "आजी, इसको कौन खींच रहा है?"

"कोणी ओढत नाही," मी म्हटलं. तिला दारात नेलं आणि हात वर केला. "हे सगळं ढकलून राहिलं. एवढं सगळं."

ती आभाळाकडे बघत राहिली, तोंड उघडं ठेवून. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "तुझी ही दोन बोटं बंद काहून आहेत?"

मी पाहिलं. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात मिटलेलं होतं.